हायनाय म्हात्रे

"या, तेवीसशे पन्नास!"

म्हात्र्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझं स्वागत असं झालं. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय, मॅडम. फोनवर नाव सांगितलंत ना, माधवी? म. तेवीसशे पन्नास. मी यशवंत. य. तेवीसशे एक्कावन्न. म्हणजे आपण सख्खे शेजारी की हो!"

हे गृहस्थ पेणला एसटी स्टँडमागच्या गल्लीत डीटीपीचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची पावतीपुस्तकं, दहाव्या-बाराव्याच्या जाहिराती आणि निवडणुकीत दोन्ही बाजूंची पत्रकं. मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. शाळेचं वार्षिक छापून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यापायी म्हात्रेही. वार्षिक केव्हाच छापून झालं. म्हात्रे राहिले.

संगणकाला अक्षर कळत नाही, हा त्यांचा लाडका विषय. "त्याला म ठाऊक नाही की मंगळसूत्र ठाऊक नाही. त्याला फक्त आकडा कळतो. जगातल्या झाडून सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना शहाण्या माणसांनी एकेक घरनंबर दिलाय. आपला क राहतो तेवीसशे पंचविसात." हे सगळे घरनंबर त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. दुकानात येणाऱ्याला ते पहिल्या अक्षराच्या नंबराने हाक मारत. पोस्टमन गणपत आला की "या, तेवीसशे सत्तावीस!" आणि गणपतही बिचारा पत्रं ठेवता ठेवता "व्हय, हजर" म्हणे.

अक्षराच्या बाबतीत मात्र चेष्टा चालत नसे. अलिबागच्या रस्त्याला एकानं नवीन हॉटेल काढलं आणि बाहेर कुठून तरी रंगवून आणलेली पाटी लावली, 'दऱ्याकिनारा'. म्हात्रे स्कूटर थांबवून आत गेले. मालकाला म्हणाले, "इथं दऱ्या कुठं हायत? आणि दरीला किनारा कसा असेल? र वर जायला पाहिजे, रफार होऊन. दर्या. तुमचा र खालीच आडवा पडलाय." मालक कढईत सुरमई सोडत होता. तो म्हणाला, "अवो, गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाय, वास घेऊन येतं." म्हात्र्यांनी स्वतःच्या खर्चानं पाटी छापून त्याला नेऊन दिली. त्याशिवाय त्यांना त्या रस्त्यानं जाता येईना.

गावात त्यांना 'हायनाय म्हात्रे' म्हणतात. ते नाव कसं पडलं याची मी साक्षीदार नाही, पण ते किती योग्य आहे याची आहे. एकदा आम्ही रोह्याच्या गाडीत एकाच डब्यात होतो. मी माझ्या नणंदेकडे निघाले होते, ते त्यांच्या मेव्हणीकडे. निडीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. समोरच्या बाकावरच्या एका कंपनीतल्या माणसानं सहज विचारलं, "काका, हा फोनमधला फोटो नेमका असतो कुठं हो?"

बस्स. म्हात्रे उठले.

"फोटो सोड, आपण एका अक्षरापासून सुरू करू. या यंत्राला दोनच शब्द येतात. हाय आणि नाय. तिसरा नाही. वीज हाय, नायतर नाय. एवढ्यावर त्याचं सगळं शहाणपण. आता तेवीसशे पंचवीस हा आकडा हाय-नायमध्ये लिहायला बारा जागा लागतात. उठा बघू सगळे."

आणि त्यांनी खरोखर बारा माणसांचा क केला. जो उभा तो हाय, जो बसला तो नाय. पाच उभे, सात बसलेले. मी पहिलीच हाय होते. रिकामी टोपली घेऊन परत निघालेल्या एका कोळणीला त्यांनी उभं राहायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माजे गुरघे दुखतान. मी नायच बरी." मग तिच्या शेजारच्याला हाय केलं. डब्यातली माणसं हसत होती, पण जागची हलत नव्हती. शेजारच्या रुळावरून एक्स्प्रेस धडधडत गेली, आमच्या गाडीला गचका बसला आणि रांगेतला शेवटचा उभा असलेला माणूस धप्पकन बसला.

"बघा, बघा!" म्हात्रे आनंदानं ओरडले. "शेवटचा हाय नाय झाला. आता तुम्ही सगळे मिळून क राहिला नाहीत. तेवीसशे चोवीस. औ! एक माणूस बसला आणि क चा औ झाला. असंच बिघडतं बघा. कुणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही."

रोह्याला उतरताना त्यांचा चेहरा एकदम गंभीर होता. मला म्हणाले, "म्हणून एकाच ठिकाणी काही ठेवू नये. एकुलती एक प्रत म्हणजे नवसाचं पोर. दृष्ट लागायचीच."

ते मेव्हणीकडे कशाला चालले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या बायकोच्या, सुमनताईंच्या, काही फायली होत्या. सुमनताई माझ्या ओळखीच्या आधीच गेल्या. धरमतरच्या खाडीकडच्या गावातली बाई, माहेरची मिठागरावर राबणारी माणसं. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हटली जातात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजीच्या मंत्रांइतकाच तिच्या गाण्याला मान. आई गेल्यावर तिची गाणी कुणाला पुरती येईनात, तेव्हा सुमनताईंनी दुपारच्या वेळी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, आठवतील तशी ती टाइप करायला घेतली. सातवी शिकलेल्या बाईला म्हात्र्यांनी कळफलक शिकवला होता. एका बोटानं सुरुवात करून ती पुढे दोन्ही हातांनी लिहू लागली, असं ते अभिमानानं सांगत.

त्या फायलींच्या तीन प्रती होत्या. एक दुकानात, एक घरी आणि एक पेनड्राइव्हवर, रोह्याला मेव्हणीच्या तांदळाच्या डब्यात. पेणला पाणी भरलं तर रोहा वाचेल, रोह्याला भरलं तर पेण. तांदळात दमट हवा लागत नाही. आणि पेनड्राइव्हमध्ये वीज कोंडलेली असते, ती वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर झिरपून जाते, म्हणून अधूनमधून तो यंत्राला लावून ताजा करायला हवा. त्यासाठी म्हात्रे दर थोड्या महिन्यांनी रोह्याला जात. मेव्हणी यमुनाताई वयानं सुमनताईंपेक्षा बरीच मोठी. ती मला एकदा म्हणाली, "भावजी मना भेटाय येत नाय गो. त्या बोटाएवढ्या डबीला भेटाय येतो. आला की आदी डबा उगडतो, मंग पानी पितो."

यमुनाताईच्या नातीचं लग्न ठरलं आणि सगळ्याला सुरुवात झाली.

यमुनाताई रोह्याहून स्वतः पेणला दुकानात आली. मी तेव्हा तिथेच होते, शाळेच्या प्रश्नपत्रिका तपासत. ती टेकली आणि म्हणाली, "भावजी, पोरी म्हंतान डीजे लावू. लावा म्हनलं. पन हळदीला आयचे धवले पायजेत. मना अर्धेमुर्धे येतात. सुमननं लिवलेले तुमच्यापाशी हायत ना?"

"हायत म्हणजे? तीन ठिकाणी हायत!" म्हात्र्यांची छाती फुगली. "आत्ता छापून देतो."

त्यांनी फाइल उघडली.

पडद्यावर जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए, उलटी प्रश्नचिन्हं, डॉलर, कंस, मधेच एखादा तुटका दंड. पानंच्या पानं तसली. म्हात्र्यांनी दुसरी फाइल उघडली. तीही तशीच. पेनड्राइव्ह यमुनाताईनं पिशवीतून आणलाच होता. तोही लावून पाहिला. अगदी तेच, शेवटच्या डॉलरपर्यंत तेच.

"काय झालं?" यमुनाताईनं विचारलं.

म्हात्र्यांनी तिन्ही फायली पुन्हा एकमेकींशी ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "काही झालेलं नाही. सगळे हाय-नाय जागच्या जागी हायत. एकसुद्धा हललेला नाही."

"मंग गानी कुटं हायत?"

मला त्यांनी ते नंतर सांगितलं. त्या काळी अक्षरांना जगभर मान्य असे घरनंबर आपल्याकडे रुळले नव्हते. मराठी फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाचे नंबर वेगळे. इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपली अक्षरं नेऊन बसवलेली. तो फॉन्ट यंत्रावर असेपर्यंत सगळं मराठी दिसायचं. मधल्या वर्षांत दुकानातलं यंत्र दोनदा बदललं, फॉन्ट त्याबरोबर गेला, तो विकणाराही धंदा बंद करून बसला.

"पण इतकी वर्षं तुम्ही प्रती ताज्या करत होतात," मी म्हटलं. "तेव्हा दिसलं नाही?"

"फायली मोजायचो. आकार जुळतो का बघायचो." ते कळफलकाकडे बघत राहिले. "उघडली नव्हती एकही. ती गेल्यापासून."

पुढचे काही दिवस दुकानात मला कुणी तेवीसशे पन्नास म्हटलं नाही. गणपत पोस्टमन स्वतःहून "तेवीसशे सत्तावीस हजर!" म्हणाला, तर त्यांनी नुसती मान हलवली. एकदा मी गेले तर शटर अर्धं खाली होतं आणि आत ते पडद्यासमोर बसलेले. काम चालू नव्हतं. नुसते बसले होते. लग्न जवळ येत होतं. यमुनाताईचा फोन आला की ते उचलत नसत. मग ती मला फोन करी आणि म्हणे, "त्यांना सांग गो, नाय तर नाय. डीजे तर हायच."

तो 'नाय तर नाय' मी त्यांना सांगितला नाही.

मार्ग त्यांनाच सुचला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर जुन्या लग्नपत्रिका नमुन्यासाठी चिकटवलेल्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. त्यातल्या काही त्याच फॉन्टात केलेल्या, आणि त्यांच्या फायली अजून यंत्रात पडून होत्या. म्हणजे पडद्यावर कचरा आणि भिंतीवर त्याच कचऱ्याचं मराठी. म्हात्र्यांनी मला शाळा सुटल्यावर बोलावलं. मी खुर्चीवर उभी राहून पत्रिका वाचायची, "आमचे येथे श्रीकृपेकरून", आणि ते पडद्यावरच्या एकेका चिन्हाला पकडून त्याचं खरं नाव लिहायचे. टोपीवाला ए म्हणजे अर्धा ग. दंड म्हणजे काना. जुन्या फॉन्टात ग अख्खा नसायचाच. अर्धा ग आणि काना शेजारी उभे केले की झाला ग.

दोन-तीन अक्षरं काही केल्या सापडेनात. ठ कुठल्याच पत्रिकेत नव्हता. शेवटी त्यांना एक ठाकूर आठवले, त्यांच्याकडच्या मुंजीची पत्रिका आम्ही पंख्याच्या वरच्या फळीवरून शोधून काढली. ठ मिळाला तेव्हा त्यांनी स्टुलावर बसून डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली.

पहिल्यांदा सगळं बदलून पाहिलं तर आलेलं मराठी बोबडं होतं. 'निंगाली' चं 'िनंगाली'. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तिथंच, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. नव्या पद्धतीत ती अक्षराच्या मागून साठवली जाते. "वेलांटीला वाटतं तिचा नंबर पहिला," म्हात्रे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी केलेला तो पहिला विनोद. वेलांट्या एकेक करून मागं नेल्या. आणि मग एका संध्याकाळी पडद्यावर आलं:

*मिठाच्या राशीला गो चांदन्याची झाक,*
*नवरी बाय निंगाली, मांगं मारू नको हाक.*

म्हात्र्यांनी सगळ्यात आधी त्या फाइलीच्या तीन प्रती केल्या.

गाण्यांच्या पानांवरून शेवटचा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी फाइल नेली. सुमनताई बोलत तशाच लिहीत. चांदणं नाही, चांदनं. पाणी नाही, पानी. काळा नाही, काला. बोलीतले शब्द तसेच ठेवायला हवेत हे मला कळत होतं. पण त्यांनी गाण्यांच्या आधी गद्यात ज्या ओळी लिहिल्या होत्या, कोणतं गाणं कधी म्हणायचं वगैरे, त्या शाळेच्या मराठीत होत्या, आणि तिथंही तेच. 'गनपतीची पुजा झाल्यावर हे गाने म्हनावे.' ते मी नीट केलं. शोधा आणि बदला. एका क्षणात सगळी 'गाने' गाणी झाली. दुसऱ्या दिवशी हौसेनं म्हात्र्यांना दाखवलं.

त्यांनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं. मग चष्मा काढला.

"मॅडम, हे ण तुम्ही घातले?"

"हो. छापायचंय ना. आणि तुम्हीच तर म्हणता, अक्षर चुकता कामा नये."

"तिलाही म्हणायचो. रोज म्हणायचो. ण आणि न यांच्यात पाच घरांचं अंतर हाय, सुमन. मधे त, थ, द, ध राहतात. एवढं कसं चुकतं? ती म्हणायची, माझ्या आयच्या तोंडून मी ण कधी ऐकलाच नाय, मी आणू कुठून?" त्यांनी चष्मा परत चढवला. "ते परत आणा, मॅडम. सगळे न."

"पण या गद्यातल्या ओळी..."

"कागदावर लिहिलं असतं तर अक्षर तरी राहिलं असतं तिचं. वाकडंतिकडं, कसंही. इथं माझा क आणि तिचा क एकच. तुमचाही तोच. तेवीसशे पंचवीस. कुणाचा म्हणून ओळखायचा?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, 'गाणे' या शब्दावर. "चुकलेलं तेवढंच तिच्या हातचं हाय. बाकी सगळं यंत्राचं."

मी तिथेच बसून जुनी फाइल पुन्हा उघडली. म्हात्र्यांनी तिच्या प्रती तीन ठेवल्या होत्या, म्हणून काही अडलं नाही. 'दूध' ला सुमनताईंनी ऱ्हस्व दु दिला होता, 'विहीर' ची पहिली वेलांटी दीर्घ होती. मी एकेक ओळ वाचत गेले आणि कशालाही हात लावला नाही. मराठीच्या शिक्षिकेला ते वाटतं तितकं सोपं नसतं.

हळदीला मी रोह्याला गेले. दारात हिरवा मांडव, पाटावर नवरी, भोवती बायका. यमुनाताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला छापलेलं वाचता येईना. पोरींना वाचता येत होतं, पण चाल ठाऊक नव्हती. शेवटी असं ठरलं की म्हात्र्यांनी ओळ वाचायची, यमुनाताईनं ती उचलायची आणि बाकीच्या बायकांनी मागून म्हणायची. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, मांडवाच्या खांबाला टेकून, हातात कागद घेऊन उभा. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. दुकानात ण वर एवढा जोर देणारा हा माणूस 'पानी' वाचत होता, 'चांदनं' वाचत होता, जसं लिहिलंय तसं. दोन गाणी झाल्यावर पोरींचं हसणं थांबलं. तिसऱ्याला त्या स्वतःच सूर धरू लागल्या. डीजेवाला पोरगा वायर हातात घेऊन बाजूला बसून राहिला.

कागदावरचं शेवटचं गाणं पाठवणीचं होतं, पण पोरी म्हणाल्या, तेही आत्ताच होऊन जाऊ दे.

*खाडीच्या पान्यावं गो होरी चालली वल्हवीत,*
*आयेनी पदरान गो बांदलं...*

म्हात्रे थांबले. बायका वाट बघत राहिल्या.

"पुढं?" कुणीतरी विचारलं.

"पुढं नाही," म्हात्रे म्हणाले. "इथवरच हाय. त्या दुपारी तिला बरं वाटेना, उठून घरी गेली. उद्या पुरं करते म्हणाली." त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. "नंतर ती दुकानात आलीच नाही."

हळद लावणारे हात थांबले. नवरीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मलाही ते माहीत नव्हतं. फाइल संपते तिथं गाणं संपतं, असं मी धरून चालले होते.

मग यमुनाताईचा आवाज आला. बारीक, थोडा चिरका, पण सुरात.

*मूठभर मीठ,*
*सासरच्या कालवनान घाल बाय नीट...*

म्हात्रे तिच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला येतं?"

"पाठवनीचं मना येतं. माज्या पाठवनीला आयनं म्हनलेलं. तुमी कवा इचारलंय?"

त्यांनी खिशातून फोन काढला. तिथंच, खांबापाशी, मांडी घालून खाली बसले. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि एका बोटानं, शोधून शोधून, लिहायला लागले.

"कालवनान," ते पुटपुटले. "न. घाल बाय नीट." मग मान वर न करताच म्हणाले, "जरा हळू गो यमुनाताई. पुढं?"